लाज चोराच्या बाजूने असते

आई-वडील नाहूरला राहतात, मी जवळच मुलुंडला. त्यांना फसवणुकीपासून कसं जपायचं हे मला ठाऊक आहे, असं मला बरेच दिवस वाटत होतं. त्यांनीच शिकवलेलं हे थोडंसं.

१. म्हातारी माणसं लोभापायी फसतात, हा समज आधी गेला. 'डिजिटल अरेस्ट'मध्ये कसला आलाय लोभ? गणवेशातला माणूस व्हिडिओ कॉलवर दरडावतो, तुमच्या आधारवर गुन्हा आहे, कॅमेऱ्यासमोरून हलू नका, घरात कुणाला सांगू नका. अशी अटक कायद्यात नाहीच. २७ ऑक्टोबर २०२४ च्या 'मन की बात'मध्ये पंतप्रधानांनीही ते सांगितलं. पण जन्मभर वेळेवर कर भरणाऱ्या माणसाला सरकारी आवाजाचा धाक असतो. थापाड्या माणसाला हा फोन आला, तर तो उलट थापा मारेल. गोत्यात येतो तो सरळमार्गी.

२. बिल भरलेला माणूसच आधी फोन लावतो. आमच्या भांडुप-मुलुंड पट्ट्यात वीज महावितरणची. 'मागचं बिल अपडेट नाही, आज रात्री साडेनऊला वीज कापू, या अधिकाऱ्याशी बोला' असा मेसेज येतो. बाबांची पावती फाइलला लावलेली. ते घाबरले नाहीत, खवळले. 'भरलंय म्हणजे भरलंय, सांगतोच त्याला!' बिल थकवणाऱ्याने मेसेज वाचून सोडून दिला असता. तो नंबर लावला की पलीकडून एखादं अ‍ॅप टाकायला आणि दहा रुपये भरायला सांगतात. दहाच रुपये जाताना आपली स्क्रीन आणि पिन त्यांच्या हाती लागते. बाबांचा फोन सुदैवाने तेव्हा चार्जिंगला होता, म्हणून नंबर लावायचा राहिला.

३. सावध राहूनही माणूस बुडतो, हे आमच्या भागाला कुणी वेगळं सांगायला नको. पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेचं मुख्यालय भांडुपचं होतं. २४ सप्टेंबर २०१९ ला रिझर्व्ह बँकेचे निर्बंध जाहीर झाले आणि सहा महिन्यांत फक्त हजार रुपये काढता येतील असं कळलं. ही मर्यादा पुढे टप्प्याटप्प्याने वाढली. कुणी ओटीपी दिला नव्हता की लिंक उघडली नव्हती; कर्जं भलतीकडेच, एका बांधकाम समूहाकडे गेली होती. जानेवारी २०२२ मध्ये बँक युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली, पण पाच लाखांवरच्या ठेवींना दहा वर्षांपर्यंतचे हप्ते. पंचाहत्तरीच्या माणसाला दहा वर्षांचा वायदा! ठेवींचा विमा एका लाखाचा पाच लाख झाला तो फेब्रुवारी २०२० मध्ये. तेव्हापासून बाबा मुदत ठेवी दोन-तीन बँकांत विभागून ठेवतात. 'खऱ्या बँकेवर विश्वास ठेवा' एवढं सांगून त्यांचं समाधान होत नाही, आणि त्यात त्यांचं काही चुकतं असं मला वाटत नाही.

४. समोरचा बोलत असताना फोन ठेवणं आईला असभ्यपणाचं वाटतं. ओटीपीवरच्या माझ्या व्याख्यानांनी त्यात काडीचा फरक पडला नाही. 'मुलाला विचारून सांगते म्हण,' असं सुचवलं तर म्हणाली, 'मी काय तुझ्या परवानगीने जगते?' मग तिने स्वतःच तोड काढली. अनोळखी माणूस पैशांवर आला की म्हणते, 'दूध उतू जातंय,' आणि ठेवून देते. माझ्या सगळ्या व्याख्यानांवर तिचं दूध भारी पडलं.

५. आपण शिकवलेला संशय आपल्यालाही सोडत नाही. मुलाच्या आवाजात कुणी पैसे मागितले तर घरचीच खूण विचारायची, असं आम्ही ठरवलं. एकदा ऑफिसच्या नंबरवरून फोन केला, तर बाबांनी माझ्या दहावीच्या गणिताचे मार्क विचारले. खरा आकडा सांगितल्यावरच ओळख पटली. आजूबाजूचे सहकारी ऐकत होते.

६. सगळ्यात महाग पडते ती लाज. आमच्या ओळखीतल्या एका आजोबांनी पैसे गेल्याचं घरात कित्येक दिवस लपवलं. पैशांपेक्षा त्यांना भीती होती ती 'तरी सांगितलं होतं' या वाक्याची, आणि मग मुलगा पासबुक-मोबाईल काढून घेईल याची. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या नियमाप्रमाणे पिन किंवा ओटीपी आपणच दिला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान आपलं. कळवल्यानंतर जाईल ते बँकेचं. सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या हेल्पलाइनवर लगेच तक्रार गेली, तर पैसे पुढच्या खात्यातच गोठवता येण्याची शक्यता असते. गप्प बसण्यात जाणारा प्रत्येक तास चोराच्या पदरात पडतो, आणि तो बरेचदा आपल्या रागाच्या धाकानेच जातो.

म्हणून १९३० हा आकडा फोनशेजारी मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा. आणि आज घरी बोलाल तेव्हा एवढं सांगा, 'काहीही झालं तरी आधी मला फोन करा, मी रागावणार नाही.' मग तसा फोन आलाच, तर खरंच रागावू नका.