डब्यातली मेथी

वस्तीत अंगण नसते, पण दारापुढे हातभर ऊन असते. मेथीला तेवढे पुरते. तेलाचा रिकामा डबा घ्या, बुडाला खिळ्याने 5-6 भोके पाडा. रंगाचा किंवा औषधाचा डबा मात्र नको. माती आणि कुजलेले शेणखत भरा, घरातलीच मेथी रात्रभर भिजवून पेरा. 4-5 दिवसांत कोंब दिसतो, महिन्याभरात भाजी खुडता येते. पेरल्याची तारीख मुलांना वहीत लिहू द्या, पट्टीने उंची मोजू द्या. शाळेचा धडा दारातच होतो.

एका डब्याने रक्त वाढणार नाही, हे नर्स म्हणून स्पष्ट सांगते. आशाताईंनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या गरोदर बाईने आणि वयात आलेल्या मुलीने घ्यायच्याच. पण भाजीवर लिंबू पिळले तर तिच्यातले लोह जास्त अंगी लागते. जेवणावर लगेच चहा घेतला की कमी. आपल्याकडे हा चहाच नडतो!

आणि डब्याखालची ताटली बघा. साचलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यूचा डास वाढतो, 8-10 दिवसांत उडायला लागतो. ताटली दर आठवड्याला घासून कोरडी करा. नुसते पाणी ओतून भागत नाही, अंडी कडेला चिकटून राहतात.