काटा आला म्हणून घाबरलीस?

अगं, फोनवर इतकं दबकून बोलत होतीस की मला वाटलं, आता काय ऐकायला मिळतंय! आदमापूरला बाळूमामांच्या दर्शनाला गेलीस, ढोल-कैताळ सुरू झाले, मानेपासून पाठीपर्यंत सर्रकन काटा आला, हातपाय कापायला लागले, डोळ्यांतून पाणी आलं. त्यात शेजारच्या काकू म्हणाल्या, "पोरीच्या अंगात येतंय गं." तेव्हापासून तुझी झोप उडालीय. हो ना?

हे तुला एकटीलाच होत नाही, लाडके. मलाही होतं. आपल्या मुरगुडात भजनाला बसणाऱ्या कितीजणींना होत असेल, पण बोलून कोण दाखवतंय? भरतमुनींनी नाट्यशास्त्रात आठ सात्त्विक भाव सांगून ठेवलेत : अंग थिजणं, घाम फुटणं, रोमांच, आवाज बदलणं, कंप, चेहऱ्याचा रंग उतरणं, अश्रू आणि भान हरपणं. त्यातले तीन तुला एकाच वेळी झाले. कीर्तनात बुवा अष्टसात्त्विक भाव म्हणतात ना, तेच हे.

केसाच्या मुळाशी इवलासा स्नायू असतो. थंडी वाजली, भीती वाटली की तो आखडतो आणि केस उभा राहतो. त्याच्यावर आपला ताबा चालत नाही, म्हणून "मुद्दाम करतेय" असं कुणी म्हटलं तर मनाला लावून घेऊ नकोस. गाणं ऐकतानाही तोच आखडतो. गाण्यानं हमखास शहारे येणाऱ्या लोकांचे मेंदू मॉन्ट्रिअलच्या संशोधकांनी तपासले, 2011 साली ते छापून आलं. आनंदाशी जोडलेलं डोपामाइन तिथं दोन टप्प्यांत सुटतं : आवडती जागा येणार म्हणून जीव वाट बघत असतो तेव्हा मेंदूच्या एका भागात, आणि ती जागा आली की दुसऱ्या भागात. मला हे वाचून फार बरं वाटलं, कारण आपलं सगळं संगीत या वाट बघण्यावरच उभं आहे. भजनात बुवा स्वर लांबवत नेतात, आपण श्वास धरून बसतो, आणि समेवर आले की सगळ्यांची मान एकदम हलते. ढोलाची लय चढत जाते तेव्हाही तू तशीच कुठल्यातरी ठोक्याची वाट बघत असतेस. तुझं शरीर मन लावून ऐकत होतं, एवढंच.

तुझा दादा शेजारी उभा राहून गारच होता म्हणालीस. असतात तशीही माणसं. बार्सिलोनातल्या अभ्यासकांना 2014 मध्ये असे निरोगी लोक आढळले, ज्यांना संगीतातून सुखच मिळत नाही. त्याला हिणवू नकोस.

काकूंशी वाद घालू नकोस. त्यांची श्रद्धा त्यांच्यापाशी राहू दे. पण तुला काय झालं हे तू सांगायचं, दुसऱ्यानं ठरवायचं नाही. आणि उद्या कुणी देवऋषाकडे न्यायची भाषा केली, तर सरळ नाही म्हण आणि मला कळव. भूत उतरवायच्या नावाखाली मारहाण करणं आपल्या राज्यात 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे. मात्र शुद्धच हरपली, छातीत दुखलं किंवा झटके आले, तर डॉक्टरांना दाखवायचं. क्वचित एखाद्याला संगीतानं फिटही येते, तिथं लाजून भागत नाही.

आणखी एक. गणपतीत डॉल्बीपुढे छाती धडधडते, त्याला असा काटा समजू नकोस. ते आवाजाचे धक्के असतात. घरी आल्यावर कानात शिट्टी वाजत राहिली, तर कानाला इजा झाली असं समज. तिथून लांबच राहा.

मी येईन तोवर एक काम कर. केसरबाई केरकरांची भैरवी मोबाइलवर शोध, साडेतीन मिनिटांचीच आहे. 1977 मध्ये व्हॉयेजर यानांवरच्या तबकडीत ती अवकाशात गेली. बाईंचे गुरू अल्लादियाखाँसाहेब म्हणजे शाहू महाराजांच्या दरबारातले गवई, आपल्याच कोल्हापूरचे. रात्री सगळी झोपल्यावर इअरफोन लावून, आवाज बेताचा ठेवून ऐक. पहिल्याच खेपेला काटा येईल असं नाही, दोन-चारदा ऐकलीस की जागा ओळखीच्या होतील. मग कुठं येतो ते मला सांग. येत्या अमावास्येला मी येतेच आहे, आदमापूरला दोघी मिळून जाऊ.