थर्स्ट आणि तहान

इंग्रजी 'थर्स्ट' आणि मराठी 'तहान' हे एकाच कुळातील शब्द होत. संस्कृत 'तृष्णा', प्राकृत 'तण्हा', तीवरून आपली 'तहान'. दोहोंच्या मूळ धातूचा अर्थ 'सुकणे'. संस्कृतात आरंभी 'त' असता इंग्रजीत 'थ' येतो, जसे त्रि व थ्री, तनु व थिन. हा नियम याकोब ग्रिम ह्याने १८२२ साली मांडला. लॅटिनमार्गे आलेला 'टोस्ट' हाही ह्याच धातूचा आप्त!

आम्हां चंद्रपूरकरांस मे महिन्यात, पारा ४५ अंशांवर गेला म्हणजे, हा अर्थ कोशावाचून कळतो. घामाने शरीरातील पाणी घटते, रक्तातील क्षार दाटतात. ते मेंदूस कळले म्हणजे मग तहान लागते. तेव्हा ती उशिरा येणारी वर्दी होय. तेंदूपत्ता तोडावयास रानात जाणाऱ्याने घसा सुकण्याआधीच पाणी प्यावे.