शतावरीच्या आधी

चि. सोनूस, अंबडहून आत्याचे अनेक आशीर्वाद.

तुझी यादी वाचली. शतावरी, अशोक, लोध्र, अश्वगंधा, सगळं एकत्र कुटून दोन वेळा दुधातून. मी जन्मभर याच वनस्पतींनी उपचार केले, त्यांच्यावर माझा विश्वास आहे. तरीही सांगते, तपासणी होईपर्यंत ते चूर्ण घेऊ नकोस.

अगं, तुझी पाळी दोन-दोन महिने लांबते, आणि अशोकाची साल मुख्यतः देतात ती अंगावरून जास्त जात असेल तर. शतावरी बाळंतिणीला दूध यावं म्हणून. तुझी तक्रारच निराळी. त्यातून बाजारातली अशोकाची साल पुष्कळदा अशोकाची नसतेच. खरा सीताअशोक गर्द सावलीचा, केशरी-लाल फुलांचे गुच्छ थेट फांदीवर धरणारा. आपल्या कोरड्या रानात तो कुठला, आणि सालीसाठी ओरबाडून देशभरात दुर्मिळ झालाय. शाळेच्या कुंपणाला सरळसोट उभा असतो, नागमोडी कडांची पानं खाली सोडून, तो वेगळाच. त्याची साल अशोकाच्या नावाने खपते. एकदा पूड झाली की नुसत्या डोळ्यांनी मलाही ओळखता येणार नाही.

अश्वगंधेने थायरॉईडचं प्रमाण वाढू शकतं, क्वचित यकृतालाही इजा होते. तुझ्या आईला थायरॉईड आहे, म्हणजे तुझंही आधी बघायलाच हवं. आणि आईला बजाव, तिची सकाळची थायरॉईडची गोळी उपाशीपोटीच, लोहाच्या किंवा कॅल्शियमच्या गोळीपासून चार तासांचं अंतर ठेवून. काढा सुरू केला म्हणून ती बंद करायची नाही.

हनुवटीवर राठ केस, वाढलेलं वजन, मानेवर काळसर पट्टा, हे तू लिहिलंस त्यावरून मला पीसीओडीची शंका येते. त्यात बहुतेकींच्या शरीरात इन्सुलिन नीट लागू पडत नाही. पाळी महिनोन्‌महिने आली नाही तर गर्भपिशवीचं अस्तर जाड होत राहतं, ते अंगावर काढू नये. वजन शंभरातले पाच-दहा भाग उतरलं तरी अनेकींची पाळी आपोआप मार्गावर येते. रोज भरभर चाल. मोसंबी आपल्याकडे उदंड, पण साखर घातलेला रस नको, फोडी खा. मेथीची भाजी पोटभर खा, तिला कुणाची ना नाही.

तपासणीचा आग्रह का धरते, तेही ऐक. 2019 साली शासनाच्या समितीने शेजारच्या बीड जिल्ह्यातल्या 82 हजारांहून जास्त ऊसतोड बायकांची पाहणी केली, तेव्हा 13 हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. कितीतरी जणी तरण्या होत्या. पांढरं जातं, ओटीपोट दुखतं, एवढ्यावर कित्येकींना ऑपरेशन सांगितलं गेलं. आपल्या घनसावंगी-मंठ्याकडच्या बायकाही तोडीला जातात, म्हणून ते वाचून मला झोप लागली नव्हती. नेमकं दुखणं न शोधता कापणं आणि न शोधता चूर्ण देणं, दोन्हींत बाईचं म्हणणं कुणी ऐकूनच घेतलेलं नसतं.

तर सोमवारी सकाळीच जालन्याला गांधी चमनच्या स्त्री रुग्णालयात जा. गेल्या सहा पाळ्यांच्या तारखा कागदावर लिहून ने. हिमोग्लोबिन, थायरॉईड, साखर आणि सोनोग्राफी एवढं विचार. चूर्णात काय काय आहे तेही डॉक्टरांना सांग, लपवू नकोस. रिपोर्ट आले की माझ्याकडे ये, मग कोणती वनस्पती चालेल ते बघू. तुझ्या आईशी मी बोलते.

तुझी,
आत्या