सायलेन्सरला चिकटलेला रेनकोट

प्रश्न : बुलेटच्या क्रोम सायलेन्सरला रेनकोट वितळून चिकटला आहे. इंजिनजवळ पाइप निळाही पडलाय. पॉलिश पेपरने घासू का? (एक वाचक, सातारा)

उत्तर : पॉलिश पेपर नकोच. क्रोमचा थर अतिशय पातळ असतो; तो गेला की खालचं लोखंड उघडं पडून गंजतं. इंजिन दोन-तीन मिनिटं चालवून बंद करा. प्लॅस्टिक मऊ झालं की लाकडी पट्टीने, जाड कापडाचा हातमोजा घालून, हळूहळू खरवडा. उरलेला डाग पाइप पूर्ण थंड झाल्यावरच अ‍ॅसिटोनच्या बोळ्याने पुसा; ते लगेच पेट घेतं. गंजाचे ठिपके असतील तर अ‍ॅल्युमिनियम फॉइलचा ओला बोळा फिरवा. अ‍ॅल्युमिनियम क्रोमपेक्षा मऊ असल्याने ओरखडे पडत नाहीत. शेवटी क्रोम पॉलिश.

निळेपणा मात्र उष्णतेचा आहे. पॉलिशने तो फिका होईल, पण लवकरच परत आला तर मेकॅनिककडून पेट्रोल-हवेचं मिश्रण तपासून घ्या. पेट्रोल कमी पडलं की पाइप जास्त तापतो. आणि गाडी धुताना सायलेन्सरच्या तोंडात पाण्याची धार मारू नका, तो आतून सडतो.