पोळ्यासाठी लोकरीचे गोंडे

श्रावण अमावास्येला पोळा येतो. त्या दिवशी बैलांना धुतात, शिंगे रंगवतात, अंगावर झूल घालतात आणि गोंडे बांधतात. गोंडे बाजारात मिळतात, पण पैसे पडतात. घरच्या फाटक्या स्वेटरचेसुद्धा छान गोंडे होतात. मला आजीने शिकवले.

साहित्य : उसवलेली लोकर, वहीचा पुठ्ठा, मजबूत दोरा, कात्री.

कृती : उसवलेली लोकर वाकडीतिकडी असते. तिची लडी करून कोमट पाण्यात भिजवावी. मग खाली थोडे वजन बांधून वाळत टांगावी, म्हणजे सरळ होते. पुठ्ठ्याची चार बोटे रुंद पट्टी कापावी. पट्टीवर लोकरीचे ८० वेढे घ्यावेत. वेढे अलगद काढून मधोमध दोऱ्याने करकचून बांधावेत. दोऱ्याची टोके लांब ठेवावीत, ती बांधायला लागतात. मग दोन्ही बाजूंचे वेढे कात्रीने कापावेत, लोकर फुलवावी आणि गोल कातरावी. झाला गोंडा!

मधली गाठ पक्की पाहिजे. सगळे धागे तिनेच धरलेले असतात. गाठ सैल असली की बैलाने मान हलवली रे हलवली, धागे गळतात.

मुलांनो, एक गोष्ट विसरू नका. लोकरीचे तुकडे गोठ्यात टाकू नका. गुरे चाऱ्याबरोबर तेही गिळतात आणि पोटात धाग्यांचा गोळा होतो. पोळा झाला की गोंडे सोडून घरात ठेवा. पुढच्या वर्षी परत उपयोगी पडतात.

— इयत्ता ४ थी