मांजराची सर्दी : रोग आणि घरची शुश्रूषा

कलाशाखेच्या विद्यार्थिनीने विषाणूजन्य रोगावर लेख लिहावा याचे काहींना नवल वाटेल. परंतु ज्याच्या घरी मांजर आहे, त्याला रोग काही शाखा विचारून गाठत नाही. गेल्या पावसाळ्यात आमच्या पाच महिन्यांच्या मनीला हा आजार झाला. त्या दहा-बारा दिवसांत पशुवैद्य डॉक्टरांनी जे सांगितले आणि पुढे वाचून मी जे पडताळून पाहिले, ते प्रस्तुत लेखात मांडीत आहे.

या आजाराला बोलीत 'मांजराचा फ्लू' म्हणतात. माणसाच्या फ्लूशी मात्र त्याचा संबंध नाही. बहुतेक वेळा दोन विषाणू त्याच्या मुळाशी असतात. एक कॅलिसीव्हायरस, हा १९५७ साली न्यूझीलंडमध्ये प्रथम सापडला. दुसरा हर्पिसव्हायरस, तो १९५८ साली अमेरिकेत वेगळा करण्यात आला. शिंका, नाकाडोळ्यांतून पाणी व पुढे चिकट स्राव, ताप आणि मलूलपणा ही दोहोंची सामान्य लक्षणे होत. हर्पिसमध्ये डोळ्यांना अधिक इजा पोचते, तर कॅलिसीमध्ये जिभेवर व टाळूवर व्रण पडतात. माणसांना हे विषाणू बाधत नाहीत; पण शिंकेतून, एका वाडग्यातून, आपल्या हातांतून आणि कपड्यांतून ते दुसऱ्या मांजराकडे जातात.

पुष्कळांना वाटते, सर्दीच ती, चार दिवसांत जाईल. येथेच घात होतो. मांजर अन्नाची पारख मुख्यतः वासाने करते. नाक चोंदले की समोरचा मासाही त्याला अन्न वाटत नाही, आणि तोंडात व्रण असले तर गिळणेही नको होते. उपाशी पिलू एका दिवसातच गळून जाते. मोठे, विशेषतः लठ्ठ मांजर काही दिवस उपाशी राहिले तर अंगातील चरबी यकृतात साचून नवेच जीवघेणे दुखणे उद्भवते. म्हणून शुश्रूषेचा सारा रोख एकाच गोष्टीवर हवा : नाक मोकळे ठेवणे आणि मांजराला खायला लावणे.

आमचा दिनक्रम असा होता. उकळून कोमट केलेल्या पाण्यात कापूस भिजवून मनीचे डोळे व नाक दिवसातून तीन-चार वेळा पुसावयाचे. प्रत्येक डोळ्याला वेगळा बोळा. मग न्हाणीघराचे दार लावून, कढत पाण्याची बादली तिच्या आवाक्याबाहेर ठेवून, दहा-पंधरा मिनिटे तिला वाफेत घेऊन बसावयाचे. वाफेनंतर लगेच अन्न. मीठ, तिखट, कांदा, लसूण काहीही न घालता उकडलेला मासा, काटे काढून, कुस्करून, कोमट करून. कोमट अन्नाचा वास अधिक येतो, आणि हाच सर्वांत मोठा उपाय. कांदा-लसूण मांजराच्या रक्तपेशी नष्ट करतात, हे येथे ध्यानात ठेवावे.

दुसऱ्या दिवशी तिने मासाही हुंगला नाही. आजी म्हणाली, "अगं, थोडी निलगिरी चोळ तिच्या छातीला. तुला लहानपणी तीच लावायचो." आजीची माया खरी, आणि उपाय माणसाला चालणारा. पण मांजर आपले अंग चाटून स्वच्छ करते; अंगाला लावलेले सारे पोटात जाते. निलगिरी, कापूर आणि त्यांची मलमे मांजराला विषारी आहेत. त्याहून भयंकर पॅरासिटामॉल. त्याचा निचरा करण्याची शक्ती मांजराच्या यकृतात फारच थोडी असते. रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची क्षमता जाते आणि एका गोळीनेही मांजर दगावू शकते. घरातले फिनेलसुद्धा वर्ज्य. कॅलिसीव्हायरस साध्या साबणाला सहज दाद देत नाही. त्यासाठी एक भाग घरगुती ब्लीच आणि सुमारे तीस भाग पाणी यांनी भांडी व फरशी पुसून, नंतर स्वच्छ पाण्याने धुवावी.

त्याच दुपारी आम्ही मनीला दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी कातडीखाली सलाईन दिले व प्रतिजैविक सुरू केले. प्रतिजैविकाने विषाणू मरत नाही. दुबळ्या झालेल्या नाकाघशात मागाहून शिरणाऱ्या जंतूंसाठी ते असते. पातळ अन्न सुई काढलेल्या सिरिंजने गालाच्या बाजूने थेंबाथेंबाने कसे द्यावे, हेही त्यांनी दाखविले. मांजर उताणे धरून दूध ओतले तर ते श्वासनलिकेत जाते. तिसऱ्या रात्री मनीने बोटावरचा मासा चाटला, तेव्हा आजीच आधी उठून बसली.

घरची शुश्रूषा कोठे संपते हेही ओळखता आले पाहिजे. पिलाने दिवसभर काही खाल्ले नाही, मांजर तोंड उघडून श्वास घेऊ लागले, डोळा मिटूनच राहिला किंवा त्यावर पांढुरकेपणा आला, मानेची कातडी चिमटीत धरून सोडल्यावर लगेच खाली बसली नाही, तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये.

बहुतेक मांजरे एक ते तीन आठवड्यांत सावरतात. परंतु हर्पिसचा विषाणू मज्जापेशींत जन्मभर दडून राहतो आणि प्रवास, बाळंतपण, घरात आलेले नवे मांजर अशा ताणानंतर पुन्हा डोके वर काढतो. दिवाळीत पाहुण्यांनी घर भरले आणि पुढच्याच आठवड्यात मनी शिंकू लागली. तेव्हा तिला मागच्या खोलीत निवांत ठेवले व तिचा वाडगा वेगळा केला. चार दिवसांत ती बरी झाली.

या रोगांवर लस आहे. पिलू सहा ते आठ आठवड्यांचे झाले की ती सुरू करतात आणि सोळा आठवड्यांचे होईपर्यंत तीन-चार आठवड्यांच्या अंतराने देतात. लशीने संसर्ग पूर्णपणे टळतोच असे नाही, पण आजाराची धार बोथट होते. मनी आमच्याकडे आली ती चार महिन्यांची होऊन, लस न घेता. आमच्या वाड्यात यंदा जिन्याखाली तीन पिले झाली आहेत. त्यांच्या लशीसाठी आम्ही शेजाऱ्यांनी वर्गणी काढली आहे.